डोळ्यातली हवा आणि नवसाचा कोंबडा

जो वाकतो त्यालाच खरं दिसतं, असं आपल्याकडे थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. आमच्या शाळेच्या जिन्यात अशा अर्थाची एक पाटी होती आणि मी नोकरीभर तिच्याखालून ताठ मानेनं गेलो. निवृत्तीनंतर मात्र चांगला दीड आठवडा सतत वाकून काढला, झोपेतसुद्धा. मला फरशी दिसली. पांढरी, काळ्या ठिपक्यांची, दाराजवळ तडा गेलेली. तीही धड दिसत नव्हती.

माझा उजवा डोळा पूर्वीच गेला होता. आतला पडदा सुटला, ऑपरेशन झालं. त्या काळी डोळ्याला टाके घालत. टाके उत्तम बसले, पडदा बसला नाही. तेव्हापासून त्या डोळ्याला दिवस आणि रात्र एवढाच भेद कळतो. डावा डोळा शाबूत होता, त्याच्या जिवावर मी भूगोल शिकवला, वह्या तपासल्या आणि खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या घरात भिंतभर पुस्तकं जमवली. बायको गेल्यावर तीच सोबत होती. म्हातारपणासाठी लोक जमीन राखतात, मी जाड कादंबऱ्या राखल्या होत्या.

एका सकाळी वाचताना पानाची खालची ओळ दिसेना. मी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी खालच्या चार ओळी गेल्या. मी पुन्हा चष्मा पुसला. एकदा पडदा सुटलेल्या माणसानं चष्मा पुसत बसावं याला काय म्हणावं ते मला माहीत आहे, पण घाबरलेला माणूस पुसण्यासारखं जे हाताशी असेल ते पुसतो. अर्धं पान गेलं तेव्हा भाच्याला फोन केला.

पनवेलातल्या त्या डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या दारातच सोनेरी अक्षरांत ‘दृष्टी हीच सृष्टी’ असं लिहिलेलं आहे. अक्षरं इतकी मोठी की आत येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना ती वाचता यावीत. खाली पोस्टर होतं: टाका नाही, वेदना नाही, भीती नाही. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांच्या हातात होत्या.

डॉक्टर माझ्याहून बरेच लहान, शांत आवाजाचे. मला सर म्हणायचे. त्यांनी समजावलं की डोळ्याला सुईच्या टोकाएवढी तीन छिद्रं पाडायची, आतला चिकट द्रव काढायचा, पडदा जागेवर बसवायचा आणि तो चिकटेपर्यंत आतून दाबून धरायला डोळ्यात वायूचा फुगा भरायचा. छिद्रं आपोआप मिटतात.

माझी थोरली बहीण शेजारी बसली होती. आमच्यात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. बाय चार बुकं शिकलेली नाही, पण तिनं गावभरच्या गोधड्या शिवल्या आहेत.

“टाका नाय, तर धरील कशानं?” तिनं विचारलं. “गोधडीला पन टाका लागतो.”

“फुगा धरेल, आजी,” डॉक्टर म्हणाले. “म्हणून मान खाली ठेवायची. फुगा वर जातो. मान खाली घातली की तो मागच्या पडद्यावर दाबून बसेल.”

“आणि सर,” ते माझ्याकडे वळले, “फुगा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. अजिबात.”

बाय हसली. विमानतळासाठी तिचं गाव उठलं, तिला दुसरीकडे प्लॉट मिळाला, आता विमानं तिच्या नव्या घरावरून जातात. “आमची जमीन बसली विमानात,” ती म्हणाली. “आमी नाय बसत. तुमी निर्धास्त राव्हा.”

मीही हसलो. विमानाचा धोका टळला होता.

“दिसेल ना?” मी विचारलं.

“पडदा बसवणं माझ्या हातात आहे,” डॉक्टर म्हणाले. “मधला भाग सुटून काही दिवस झालेत. नजर किती परत येईल ते नंतरच कळेल.”

प्रामाणिक माणूस होता. त्या क्षणी मला थोडा अप्रामाणिक चालला असता.

ऑपरेशननंतर बायनं मला तिच्या घरी नेलं. पोटावर झोपायचं, बसलं तरी हनुवटी छातीला, जेवताना ताट जमिनीवर. उघड्या डोळ्यासमोर सगळं गढूळ होतं आणि मधोमध एक गोल थरथरत होता, फुग्याची कड. लोक भेटायला येत, त्यांना मी पायांवरून ओळखू लागलो. भेगा पडलेल्या टाचा म्हणजे शेजारीण. पांढरे, चकचकीत, लांब नाकाचे बूट म्हणजे जमीन विकून बिल्डर झालेला माझा एक जुना विद्यार्थी. त्याच्या हातात फुलांचा गुच्छ असावा, कारण पाकळ्या माझ्यासमोर पडत होत्या. तो उभा राहूनच माझ्या कार्याविषयी बोलला. कार्य कोणतं, ते त्याला आठवेना.

बाय मात्र येता-जाता चिमटे काढायची. “अख्ख्या गावात मान वर करून फिरलास, मास्तर. भाऊबंदांच्या लग्नात पन कोनाच्या पाया पडला नाय. आता बघ, देवीनं कशी घातली खाली.”

“देवीनं नाही, डॉक्टरांनी.”

“डॉक्टरला कोनी घातली बुद्धी?”

यावर उत्तर होतं, पण मान खाली घालून वाद घालता येत नाही. युक्तिवादाला हनुवटी लागते.

दिवस असे जात. भीती संध्याकाळी यायची. दिवे लागले की फरशीवर माझी सावली पडायची आणि ती कालच्यापेक्षा गडद आहे की फिकी, हे मी तपासत बसायचो. पडदा पुन्हा सुटला असेल तर? शिंक आली की वाटायचं, संपलं. खोकला दाबून धरायचो. मग घरातली भिंतभर पुस्तकं आठवायची. त्यांतली निम्मी मी पुढे वाचीन म्हणून ठेवलेली. उजव्या डोळ्याच्या वेळी मी देवाशी बोललो नव्हतो, कारण डावा होता. आता राखीव काही नव्हतं. ज्याच्याकडे एकच डोळा उरतो त्याला नास्तिकपणा परवडत नाही. मी प्रार्थना केली असं नाही. पण कोणी माझ्या वतीनं केली तर हरकत घ्यायची नाही, इतपत खाली आलो होतो.

आणि बायनं केलीच होती. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून तिनं कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला होता: माझ्या भावाचं नीट पार पडू दे, चैत्राच्या यात्रेला त्याला तुझ्या पायाशी आनीन, कोंबडा देईन. आमच्याकडे एकवीरेला बोललेलं कोणी मागे ठेवत नाही. कर्ज बुडवतात, हे नाही.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, “छान. पडदा बसलाय. ऑपरेशन यशस्वी.” आता मान वर केली तरी चालेल, असंही म्हणाले. बायनं ‘यशस्वी’ एवढाच शब्द उचलला. चैत्र सुरू झाला होता.

“फुगा अजून आहे पण,” मी म्हणालो.

“देवीला फुग्याचं काय? आपन विमानानं जातोय काय? गाडीनं जायचं.”

मला हे पटलं. माझ्यासारख्या माणसाला हे पटलं, एवढंच इथे नोंदवून पुढे जातो.

भाच्यानं गाडी काढली. द्रुतगती मार्गाला गर्दी असते म्हणून जुन्या रस्त्यानं निघालो, खोपोलीवरून. बाय पुढे, ओटीचं सामान मांडीवर. मी मागच्या सीटवर, पायाशी बांबूच्या पाटीखाली झाकलेला कोंबडा. मान वर करायची परवानगी मला होती, पण मानेला ते अजून कळलं नव्हतं, त्यामुळे मी खालीच बघत होतो आणि पाटीच्या फटीतून कोंबडा वर बघत होता. डोळ्यातला फुगा तोवर थोडा लहान झाला होता. वरच्या बाजूला जग दिसायचं, खाली पाण्याची रेघ हलायची, गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्यासारखी. कोंबड्याचा लाल तुरा मला त्या रेघेच्या वर स्पष्ट दिसला. ऑपरेशननंतर स्पष्ट दिसलेला पहिला रंग. मला रडू येईल असं वाटलं. कोंबड्याला तसं काही वाटत नसावं.

बायनं मागे वेफर्सचं पाकीट दिलं. मी ते मांडीवर ठेवलं.

खोपोली सुटली. चढ सुरू झाला. दोन-तीन वळणं झाल्यावर भुवईच्या मागे काहीतरी ठणकलं. मला वाटलं, गाडी लागते आहे. मग ठणका वाढला, कपाळातून मागे गेला, जणू आतून कोणी अंगठ्यानं डोळा बाहेर ढकलतं आहे. कोंबड्याचा तुरा लालाचा तपकिरी झाला. मग राखाडी.

हाताखाली पाकीट टणक लागलं. निघताना ते मऊ होतं, आता त्यावर बोट टेकवलं तर बोट मागे यायचं. तट्ट फुगलं होतं.

मी आयुष्यभर आठवीला हवेचा दाब शिकवला. दर वर्षी लोणावळ्याच्या सहलीला याच घाटात, बसच्या मधोमध उभा राहून, वेफर्सचं पाकीट हातात धरून विचारायचो, “सांगा, हे का फुगलं?” मुलं ओरडायची, “बाहेरचा दाब कमी झाला म्हणून, सर!” मी म्हणायचो, शाब्बास. मग मुलं पाकीट फोडून खायची.

माझ्या डोळ्यातलं पाकीट कोणालाच फोडता येणार नव्हतं.

“गाडी थांबव,” मी म्हणालो.

“मामा, वळन हाय. पुढं शिंग्रोबाला थांबू, नारळ फोडायचाच हाय.”

“आत्ता थांबव!”

भाच्यानं माझा असा आवाज शाळेत असताना ऐकला असेल. पण वळणावर ट्रक होता, त्याला पुढे न्यावीच लागली. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबली तोवर सगळं काळं झालं होतं. अंधुक नव्हे. काळं. उजव्या डोळ्याला ऊन आहे एवढं कळत होतं, डाव्याला तेही नाही. ज्या डोळ्यासाठी दीड आठवडा फरशी पाहिली, तो आता उजव्याच्याही मागे गेला होता.

“बाय,” मी म्हणालो, “मला दिसत नाही.”

“मंग देवी वर हाय ना. पायाशी गेलास की—”

“वर जायचं नाही! वर गेलो तर डोळा फुटेल.” मी पाकीट पुढे केलं. कुठे, ते मला दिसत नव्हतं. “हे बघ. दाबून बघ.”

“पाकीट फुगतंच, मामा,” भाचा म्हणाला. “घाट हाय.”

“डोळ्यात माझ्या काय भरलंय?”

पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं गेलं, ते दाबल्याचा आवाज आला. बाहेर कोणीतरी नारळ फोडत होतं, ट्रकवाले पैसे टाकून पुढे जात होते. बाय काय करील ते मला सांगता येईना. तिच्या सबंध जन्मात अर्ध्या वाटेवरून देवीकडे पाठ फिरवलेली मी पाहिली नव्हती. अर्धवट राहिलेल्या नवसाच्या गोष्टी तिनंच मला लहानपणी सांगितल्या होत्या. त्यांत शेवटी कोणाचा तरी मुलगा जातो. आणि तिचा मुलगा गाडीच्या स्टिअरिंगशी बसला होता.

गाडीचं दार उघडलं. ती उतरली. मग तिचा आवाज थोडा लांबून आला, मोठ्यानं, शेजारच्या शेतातल्या बाईला हाक मारावी तसा:

“आई, हितवर आनला ग त्याला. पुढं तुजा डोंगर त्याला सोसत नाय. आता तूच बघ काय ते. रागवायचं तर माज्यावर रागव, पोराला हात लावू नको.”

दार आपटलं. “फिरव गाडी,” ती म्हणाली.

खाली उतरतानाची वाट मला आठवते ती आवाजांची. घाटात गिअरचा आवाज, पायाशी कोंबड्याची खसखस, भाचा फोनवर हॉस्पिटलशी बोलतो आहे, बायचा हात माझ्या मनगटावर. सुईनं निबर झालेली तिची बोटं. मी वाचलेली पुस्तकं मनात उघडून पाहू लागलो, ती अजून आहेत का म्हणून. वाक्यं आठवेनात. कुठल्या पानावर चहाचा डाग पडला होता ते आठवलं, कुठल्या पानात बसचं तिकीट ठेवलं होतं ते आठवलं. एवढ्या वाचनातून डाग आणि तिकिटंच उरणार असतील, तर पुढे काय करायचं ते मला सुचेना. चौकच्या आसपास ठणका किंचित कमी झाला. शेडुंगला काळ्याचा करडा झाला. पनवेलात शिरलो तेव्हा एक मोठा पांढरा ठिपका दिसला, तो बहुधा बसचा दिवा असावा. मी त्याला नमस्कार केला नाही, पण करावासा वाटला.

डॉक्टरांनी दाब मोजला. ते यंत्राला काय म्हणाले ते मी ऐकलं, इथे लिहिण्यासारखं नाही. थेंब घातले, गोळ्या दिल्या, बारीक सुईनं थोडा वायू बाहेर काढला. मग खुर्ची ओढून समोर बसले.

“सर, घाट चढायला कोणी सांगितलं?”

“तुम्ही विमान म्हणालात.”

“घाट काय आणि विमान काय, उंची ती उंचीच. आम्ही सांगायला हवं होतं. पण सर...” ते थांबले. “तुम्ही काय शिकवायचा?”

“भूगोल.”

डॉक्टर उठले आणि हात धुवायला गेले.

फुगा पुढे आपोआप विरला. शेवटी मिरीएवढा थेंब होऊन डोळ्याच्या तळाशी फिरत होता, एक दिवस तोही नव्हता. मग अंतिम तपासणी. डॉक्टरांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि खऱ्या आनंदानं म्हणाले, “हे बघा सर, किती सुंदर बसलाय!” माझ्या डोळ्याचा फोटो उत्तम आला असावा. मला तो दिसत नव्हता.

सरळ सांगतो. मला वाटेवर चालता येतं. पायरी दिसते, जरा वाकडी. खिडकीचे गज पाण्यातल्यासारखे हलतात. समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात, मधे चेहऱ्याच्या जागी धूर असतो. पुस्तक भिंगाखाली धरलं तर एकेक अक्षर येतं, आणि ओळीच्या शेवटाला पोहोचेतो सुरुवात विसरलेली असते. याला वाचन म्हणत नाहीत. हा मजकूरसुद्धा मी भाच्याच्या मोबाइलला सांगतो आहे. तो लिहून घेतो आणि वाटेल तिथे पूर्णविराम देतो.

नुकसान ऑपरेशनला उशीर झाल्यानं की घाटानं, हे मी विचारलं. “सांगता येत नाही, सर,” डॉक्टर म्हणाले. “पण पडदा जागेवर आहे. आमच्या हिशेबात हे ऑपरेशन यशस्वी.” ते खोटं बोलत नव्हते. पडदा जागेवर आहे. टाका एकही नाही.

हॉस्पिटलच्या वर्धापनदिनी यशस्वी रुग्णांचा सत्कार झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं. प्रमुख पाहुणे अंधाराकडून प्रकाशाकडे या विषयावर बराच वेळ बोलले. मग नाव पुकारलं, मी व्यासपीठावर गेलो आणि शालीसाठी हात जोडले ते ध्वनिक्षेपकाच्या दांडीसमोर. पाहुण्यांनी मला खांद्याला धरून फोटोकडे वळवलं. टाळ्या भरपूर पडल्या.

बाय सगळ्यात मागे बसली होती. रिक्षात म्हणाली, “एवढ्या टाल्या वाजवल्या, म्हंजे बरा झाला म्हनायचं?”

मी शालीची घडी घालू लागलो.

“मास्तर, एकदा खरं काय ते सांग. नीट पार पडलं असंल तर नवस फेडते. नसंल पडलं तर देनं लागत नाय. मधी लटकून ठेवू नको मला.”

तिला आज ना उद्या उत्तर द्यावं लागेल. नीट पार पडलं म्हणावं, तर पुन्हा त्याच घाटानं वर जायचं आणि तिच्या देवीसमोर खोटं बोलायचं, ज्याची मला, चमत्कारिक आहे, पण भीती वाटते. नाही म्हणावं, तर त्या दिवशी शिंग्रोबापाशी तिनं जे अंगावर घेतलं, ते फुकट गेलं असं तिला वाटेल. मग ती रात्री मुलाच्या गाडीचा आवाज ऐकेपर्यंत जागी राहील. आताही राहतेच. संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर बसतो. ती येऊन समोर उभी राहते आणि विचारते, “आता? आता दिसतो काय माजा तोंड?”

“थोडं थोडं,” मी म्हणतो.

“थोडं थोडं म्हंजे हो की नाय?”

“डॉक्टरांना विचार.”

“डॉक्टर हो बोलतो.”

“मग मला का विचारतेस?”

ती आत जाते. भांडी वाजतात. वरून विमान जातं, त्याचा दिवा मला धुरकट दिसतो.

सत्काराची शाल थंडीत कोंबड्याच्या पाटीवर टाकतात. कोंबडा परसात आहे. निकाल लागेपर्यंत त्याला कापता येत नाही आणि नवसाचा म्हणून विकताही येत नाही, त्यामुळे बाय त्याला तांदूळ घालते. आता तो इतका जड झाला आहे की त्याला कुंपणावर उडता येत नाही.